कैद्यांमधील निष्ठुर-भावशून्य गुणांचे मापन

दुसऱ्याच्या दुःखाने न हलणे, केल्या कृत्याची टोचणी न लागणे आणि भावना वरवरच्या असणे, या स्वभावविशेषांना मानसशास्त्रात निष्ठुर-भावशून्य गुण म्हणतात. सायकोपथी नावाच्या समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचा गाभा तोच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कॅनडा, अमेरिका व ब्रिटनमध्ये पॅरोल आणि उपचार यांविषयीच्या निर्णयांत अशा मापनाचा आधार घेतला जात असल्याने हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्व्ही क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये वरून समजूतदार, आतून कोरड्या अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. त्या वर्णनांच्या आधारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी कॅनडातील कैद्यांसाठी १९८० मध्ये २२ मुद्द्यांची तपासयादी बनवली. १९९१ च्या सुधारित यादीत २० मुद्दे उरले. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे कमाल ४०. उत्तर अमेरिकेत ३० किंवा त्याहून जास्त गुण मिळालेला कैदी सायकोपथ धरला जातो; ब्रिटनमध्ये अनेकदा २५ चीच रेघ ओढतात. कैद्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, म्हणून दीर्घ मुलाखतीबरोबर त्याची फाईलही तपासली जाते. इंग्लंड-वेल्समधील कैद्यांच्या २००९ च्या पाहणीत ३० गुणांची रेघ पुरुषांपैकी ७.७ टक्के, तर स्त्रियांपैकी १.९ टक्के जणींनी गाठली.

अडचण यादीच्या रचनेतच आहे. बालपणीचे गैरवर्तन, गुन्ह्यांतील वैविध्य हे मुद्दे कागदपत्रांवरून मोजता येतात. पश्चात्ताप खरा की नाटकी, हे मात्र तपासणाऱ्याच्या नजरेवर ठरते. त्यामुळे ज्यासाठी एवढा खटाटोप, त्या निष्ठुरतेबाबतच परीक्षकांचे एकमत कमी पडते. संशोधक डेव्हिड कुक व क्रिस्टीन मिची यांनी २००१ मध्ये गुन्हेगारी वर्तन बाजूला ठेवून सायकोपथीचे १३ मुद्द्यांचे प्रारूप सुचवले. पुढे जेनिफर स्कीम व कुक यांचा या यादीवरील टीकालेख हेअर यांनी दिलेल्या कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यामुळे रखडला आणि २०१० मध्ये छापला गेला. शास्त्रीय वाद वकिलांकडे जावा, हे शोभणारे नव्हते.

अल्पवयीन बंद्यांसाठी पॉल फ्रिक यांची २४ विधानांची प्रश्नावली अधिक वापरात आहे. मुलाने स्वतःच प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण द्यायचे असतात. ‘मी निष्ठुर आहे’ हे निष्ठुर मुलगा कबूल करील का, ही शंका रास्तच. शिवाय सरळ आणि उलट अर्थाची विधाने केवळ शब्दरचनेमुळे वेगवेगळे गट करतात, असेही दिसून आले आहे. पोलंडमधील कैद्यांवर तपासून २०१६ मध्ये मांडलेल्या २० विधानांच्या आणखी एका मापनश्रेणीत तर गुन्हेगारी वर्तनाचा प्रश्नच ठेवलेला नाही.

न्यायालयात हेअर यांच्या यादीवरील गुणांकनाला आणखी एक धक्का बसतो. डॅनियल मरी व मार्कस बोकाचिनी यांनी २०१३ मधील प्रयोगात तज्ज्ञांना तीच प्रकरणे तपासायला दिली. काहींना आपण सरकारपक्षाचे काम करतो आहोत असे सांगितले, काहींना बचावपक्षाचे. स्वतःला सरकारपक्षाचे समजणाऱ्या तज्ज्ञांनी त्याच कैद्यांना सरासरीने जास्त गुण दिले.