ट्राम मुंबईत, वेधशाळा अलिबागला

अलिबागजवळ नागावला आमच्या शेजारच्या वाडीत पंपासाठी नवी केबल टाकली, तेव्हा काकांनी विचारलं, "मास्तर, या वायरीच्या मॅग्नेटिक फील्डनं सुपारी गळते म्हणतात. खरं काय?" नुसतं 'नाही' म्हणून कुणाचं समाधान होत नाही. संध्याकाळी मोटारसायकलची बॅटरी, हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब, लांब वायर आणि होकायंत्र घेऊन त्यांच्या पडवीत बसलो. पंपाची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्या वेगाशी होकायंत्राची सुई जुळवून घेऊ शकत नाही, म्हणून बॅटरी.

प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ सुई हलते हे ऑर्स्टेडनं १८२० साली दाखवलं, ते शाळेत सगळेच शिकतात. वायर सुईच्या दोन सेंटिमीटर वर, दक्षिणोत्तर धरली. बल्ब लागला, तीन अँपिअरच्या आसपास प्रवाह सुरू झाला आणि सुई पस्तीस-चाळीस अंश वळली. मग बॅटरीकडे परत जाणारी वायर पहिलीला अगदी चिकटवून धरली. बल्ब तसाच जळत होता, पण सुई पुन्हा उत्तरेला!

मला या विषयात सर्वांत आवडते ती हीच गोष्ट. जाणाऱ्या प्रवाहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे काकांचं मॅग्नेटिक फील्ड, एका दिशेनं फिरतं, येणाऱ्याभोवतीचं उलट दिशेनं. तारा जवळजवळ असल्या की दोन्ही एकमेकांना जवळपास खोडून टाकतात. एकट्या लांब तारेचं क्षेत्र दुप्पट अंतरावर निम्मं होतं. जोडीचं जे काही उरतं, ते दुप्पट अंतरावर पाव होतं. पंपाच्या केबलमध्ये दोन्ही तारा एकाच वेष्टनात असतात, त्यामुळे हातभर अंतरावर मोजण्यासारखं फारसं काही राहत नाही. पावसाळ्यात सुपारी गळते त्याचं मोठं कारण कोळेरोग, म्हणजे फळ कुजवणारा रोग. त्यावर मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी वेळेवर हवी.

पण परतीचा प्रवाह भरकटला तर? त्याचं उत्तर अलिबागेत उभं आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं होत होती. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळात क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर असलेला भाग, तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं अगदी लहान एकक), म्हणजे चारेक टक्क्यांनी, घसरल्याची नोंद आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि परत जाते रुळांतून. त्यातली काही रुळ सोडून जमिनीत पसरते. जोडी फुटली की खोडाखोडही संपली. शंभर अँपिअरची एकटी लांब तार शंभर मीटरवर २०० नॅनोटेस्ला क्षेत्र देते. अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे, म्हणून होकायंत्राला त्याचा पत्ता लागणार नाही. पण वेधशाळा टिपते ती वातावरणाच्या वरच्या थरातल्या प्रवाहांमुळे रोज होणारी वीस-पन्नास नॅनोटेस्लांची वाढ-घट. ती ट्रामच्या गोंगाटात बुडून गेली असती.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या काळात चुंबकीय विभाग अलिबागला आला. इथल्या किनाऱ्यासमोरही पुन्हा कुलाबाच, पण हा कुलाबा किल्ला! इमारतीत लोखंड टाळलं. आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, जुनी मालिका नव्या जागेशी सांधता यावी म्हणून. या दोन वर्षांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली.

रक्तात लोह असतं म्हणून उत्तरेला डोकं करून झोपू नये, चुंबकाचं कडं घालावं, असं सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. फ्रिजवरच्या चुंबकाला चिकटून मोजलं तर पृथ्वीच्या शंभरपट क्षेत्र सहज सापडतं, तरी त्याला हात लावून आपल्याला काही होत नाही. कड्यांवर पैसे घालवू नका.

काका बराच वेळ वायर जवळ-लांब करून पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे एकच वायर टाकून दुसरी खुंट ठोकून जमिनीत अर्थिंग केली, तर ट्रामसारखंच होईल?" अगदी तसंच होईल, म्हटलं. पण त्या क्षेत्राचं सोडा, ओल्या वाडीत त्या खुंटाजवळ पाय पडला तर शॉकनं माणूस जाईल. तसं कधीही करू नका.