आय-२९ : मुंबईची आगबोट बुडवणारी आणि नेताजींना आणणारी पाणबुडी

लंडनच्या सर्वोच्च न्यायालयानं ८ मे २०२४ रोजी एका जुन्या चांदीचा निकाल दिला. दक्षिण आफ्रिकेनं नाणी पाडण्यासाठी १९४२ साली विकत घेतलेल्या या चांदीच्या २,३६४ लगडी हिंदी महासागराच्या तळाशी, सुमारे अडीच किलोमीटर खोल पडून होत्या. २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीनं त्या वर काढल्या आणि त्याबद्दल मोबदला मागितला. ही मालमत्ता दुसऱ्या सार्वभौम देशाची आहे, त्यामुळे तिच्यावरचा असा दावा इथे चालणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

बातम्यांमध्ये चांदी आली, तिची किंमत आली, कायद्याचा मुद्दा आला. ज्या आगबोटीतून ती चांदी निघाली होती, तिचं नाव ‘तिलावा’. ती मुंबईहून सुटली होती आणि तिच्याबरोबर २८० माणसं बुडाली. तिला बुडवणारी जपानी पाणबुडी आपल्याला वेगळ्याच कारणानं माहीत आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांना मादागास्करजवळच्या समुद्रातून पूर्वेकडे घेऊन गेली ती हीच, आय-२९. या दोन घटनांमध्ये फक्त पाच महिन्यांचं अंतर आहे आणि दोन्ही वेळी पाणबुडीचा कप्तानही तोच होता. शाळेत आपण दुसरी गोष्ट शिकतो. पहिली तिच्या शेजारी ठेवून सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी ही पाणबुडी या समुद्रात आली कशी, इथून सुरुवात करावी लागेल.

जून १९४० मध्ये इटली दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि भूमध्य समुद्राची वाट ब्रिटिशांना जवळपास बंद झाली. इजिप्तमध्ये लढणाऱ्या फौजेला लागणारे रणगाडे, दारूगोळा आणि माणसं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून, मादागास्कर आणि आफ्रिकेच्या मधल्या खाडीतून एडनमार्गे सुएझला पोचू लागली. इराणच्या आबादानचं तेल याच समुद्रातून जायचं. रशियाला जाणारी अमेरिकी मदतही इराणी आखातातल्या बंदरांवर उतरत होती. हा रस्ता तोडायचा तर अरबी समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा गाठायला हवा होता. जर्मनीकडे तेव्हा तितक्या लांब जाणाऱ्या पाणबुड्या फारशा नव्हत्या. जपानकडे होत्या.

जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनला झालेल्या लष्करी करारात जर्मनी, इटली आणि जपान यांनी समुद्र वाटून घेतला. ७० अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला जपान, पश्चिमेला जर्मनी-इटली. नकाशावर ही रेघ सौराष्ट्राच्या किनाऱ्याला पोरबंदर आणि वेरावळ यांच्या मध्ये लागते. म्हणजे मुंबई, रत्नागिरी, गोवा, सगळा कोकण किनारा जपानच्या वाट्याला. प्रत्यक्षात ही रेघ कोणी फार काटेकोरपणे पाळली नाही. ‘तिलावा’ बुडाली ती जागा तिच्या पश्चिमेलाच आहे.

एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार पाच विमानवाहू नौका घेऊन सिलोनवर चालून आलं. ५ तारखेला कोलंबोवर हल्ला झाला आणि ‘कॉर्नवॉल’ व ‘डॉर्सेटशायर’ या ब्रिटिश क्रूझर (मोठ्या युद्धनौका) बुडाल्या. ९ तारखेला त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका गेली. त्याच आठवड्यात विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, बंगालच्या उपसागरात मालवाहू बोटींची कत्तल झाली. ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या ताफ्याला शेवटी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाजवळच्या किलिंदिनीला तळ हलवावा लागला.

जपानी विमानवाहू नौका मात्र या समुद्रात परत आल्या नाहीत. जूनमध्ये मिडवेच्या लढाईत चार बुडाल्या आणि ऑगस्टपासून ग्वादलकॅनाल बेटावरच्या लढाईनं जपानचं उरलंसुरलं बळ पॅसिफिककडे ओढून घेतलं. हिंदी महासागरात मागे राहिल्या त्या पाणबुड्या. त्यांचा तळ होता मलायातलं पेनांग बंदर, जे जपाननं १९४१ च्या डिसेंबरात घेतलं होतं. ब्रिटिशांकडे संरक्षक नौकांची इतकी टंचाई होती की या समुद्रात बऱ्याच बोटी एकट्यादुकट्या सोडल्या जात. अटलांटिकमध्ये ताफे बांधून चालणाऱ्या बोटींनाही पाणबुड्या सोडत नव्हत्या, मग एकट्या बोटीचं काय व्हायचं?

आय-२९ फेब्रुवारी १९४२ मध्ये आरमारात दाखल झाली. लांबी सुमारे १०८ मीटर, पुढच्या बाजूला टॉर्पेडोच्या सहा नळ्या, पृष्ठभागावरून चालली तर चौदा हजार सागरी मैलांचा पल्ला. डेकवर एक बंदिस्त कोठार होतं आणि त्यात एक छोटं समुद्री विमान. २३ मे १९४२ ला हे विमान ऑस्ट्रेलियातल्या सिडनी बंदरावर घिरट्या घालून आलं. आठवडाभरानं जपानच्या बुटक्या पाणबुड्या त्या बंदरात शिरल्या. सप्टेंबरात आय-२९ एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात शिकार करत होती.

२० नोव्हेंबर १९४२. ‘तिलावा’ मुंबईहून निघाली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही दहा हजार टनी आगबोट १९२४ साली बांधलेली. वाटेत मोंबासा आणि लोरेन्सो मार्किश (आजचं मापुटो), शेवटचा मुक्काम डर्बन. प्रवासी ७३२, खलाशी व अधिकारी २२२, आणि बोटीवरची तोफ चालवायला चार गोलंदाज. एकूण ९५८ जीव. पूर्व आफ्रिकेत दुकानं, नोकऱ्या, नातीगोती असलेली हिंदी कुटुंबं त्यात मोठ्या संख्येनं होती, बरोबर मुलंबाळं होती. त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या अशा बोटींवर स्टुअर्ड आणि स्वयंपाकी बहुधा गोव्याचे असत आणि डेकवर कोकण-गुजरातचे खलाशी. गोव्याची माणसं बोट मिळेपर्यंत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये राहत. बोटीवर गेलेल्याचं पत्र येईपर्यंत घरी जीव टांगणीला लागलेला असे. युद्धाच्या त्या वर्षांत तर फारच.

संरक्षणाला सोबत एकही युद्धनौका नव्हती. २३ नोव्हेंबरच्या पहाटेच्या अंधारात, सेशेल्सच्या ईशान्येला भर समुद्रात, पहिला टॉर्पेडो लागला. झोपेतून उठलेल्या माणसांची होड्यांकडे धाव सुरू झाली. त्या गर्दीत होड्या नीट उतरवता येईनात. बोट मात्र लगेच बुडाली नाही. ती तग धरेल असं वाटून काही जण पाण्यातल्या होड्यांमधून परत तिच्यावर चढू लागले होते. अशा वेळी दुसरा टॉर्पेडो आला आणि ‘तिलावा’ तळाला गेली.

पहिल्या टॉर्पेडोनं लंगडी झालेली, एकटी, प्रवाशांनी भरलेली बोट होती ती. दुसरा टॉर्पेडो सोडण्याचा हुकूम युद्धाच्या हिशेबात बसतो, कारण पूर्ण बुडालेली बोटच ‘बुडवली’ म्हणून नोंदता येते. पण त्या मधल्या वेळात होडीतून बोटीवर परत चढलेल्या आईचा आणि मुलाचा विचार मला टाळता येत नाही.

वाचलेले दोन दिवस होड्यांमध्ये आणि तराफ्यांवर होते. २५ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश क्रूझर तिथे पोचली आणि तिनं बहुतेकांना उचललं. वाचलेल्यांचा एकूण आकडा ६७८. ‘बर्मिंगहॅम’ त्यांना घेऊन २७ नोव्हेंबरला परत मुंबईला आली. ज्या बंदरातून आठवड्यापूर्वी ते निघाले होते, त्याच बंदरात अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले.

त्या वेळी आय-२९ चा कप्तान होता इझु जुइची.

बर्लिनमध्ये नेताजी तेव्हा पूर्वेकडे जायची वाट शोधत होते. हिंदुस्थानच्या सीमेशी पोचायचं तर जपानच्या बाजूनंच, हे त्यांना कळून चुकलं होतं. जमिनीवरून जाणं शक्य नव्हतं आणि विमानाचा बेत धोक्याचा होता. अखेर ९ फेब्रुवारी १९४३ रोजी कील बंदरातून यू-१८० ही जर्मन पाणबुडी त्यांना घेऊन निघाली. सोबत होते हैदराबादचे अबिद हसन, एकटेच. स्कॉटलंडच्या उत्तरेनं वळसा घालून, सगळा अटलांटिक उतरून, केपच्या दक्षिणेनं पुढे असा तो प्रवास. डिझेलच्या वासानं कोंदलेल्या त्या जागेत नेताजी मजकूर सांगत आणि हसन लिहून घेत. १८ एप्रिलला यू-१८० नं दक्षिण आफ्रिकेच्या जवळ ‘कॉर्बिस’ ही ब्रिटिश तेलवाहू बोट बुडवली, तेव्हाही दोघे आतच होते.

पेनांगहून आय-२९ एप्रिलच्या सुरुवातीलाच निघाली होती. कप्तान इझुच. त्याच्या वर पाणबुड्यांच्या दलाचा प्रमुख तेराओका मासाओ स्वतः बोटीवर होता. मादागास्करच्या आग्नेयेला, ठरलेल्या जागी दोन्ही पाणबुड्या भेटल्या, पण समुद्र इतका खवळलेला होता की माणसं हलवणं अशक्य. दोन्ही बोटी शेजारी शेजारी चालत राहिल्या. शेवटी २८ एप्रिलला दोर बांधलेल्या रबरी होडीतून, लाटांनी चिंब भिजत, नेताजी आणि हसन जपानी पाणबुडीवर पोचले. दोन जपानी नौदल अधिकारी उलट दिशेनं यू-१८० वर गेले. बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी दोन टन सोनंही गेलं. जर्मनीकडून शस्त्रांचे नमुने आणि पाणबुड्यांचे आराखडे आले.

दुसऱ्या दिवशी २९ एप्रिल, जपानच्या सम्राटाचा वाढदिवस. पाहुणे हिंदी आहेत म्हणून जपानी आचाऱ्यांनी पेनांगमध्ये आधीच मसाले खरेदी करून ठेवले होते, अशी आठवण हसन यांनी सांगून ठेवली आहे. जर्मन डबाबंद अन्नावर अडीच महिने काढल्यावर तो रस्सा कसा लागला असेल! मेच्या पहिल्या आठवड्यात पाणबुडी सुमात्राच्या टोकाजवळच्या सबांग बंदराला लागली. गुप्ततेसाठी पेनांग टाळलं होतं. तिथून विमानानं टोकियो. जुलैत सिंगापूर, २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकार.

पाणबुडीवर जपानी खलाशांमध्ये उभ्या असलेल्या नेताजींचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. ‘तिलावा’ बुडवून या पाणबुडीला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. यानं नेताजींच्या धाडसाचं मोल तसूभरही कमी होत नाही. त्यांनी निवडलेल्या वाटेवर कोणाची शस्त्रं होती आणि ती शस्त्रं आपल्याच माणसांवर कशी चालली होती, हेही त्या इतिहासात यायला हवं, इतकंच माझं म्हणणं आहे.

त्या उन्हाळ्यात जर्मन पाणबुड्याही इकडे वळल्या. तुकडीचं नाव ‘मान्सून’, कारण नैऋत्य मोसमी वारे ओसरताच, सप्टेंबरअखेर, अचानक हल्ला करायचा बेत होता. पावसाळ्यातला अरबी समुद्र पाणबुडीलाही नकोसा असतो. निघालेल्या बोटींपैकी वाटेतच बऱ्याच बुडाल्या, इथवर पोचल्या पाच. २ ऑक्टोबर १९४३ ला यू-१६८ नं मुंबईच्या पश्चिमेला ‘हायचिंग’ ही मालबोट बुडवली. यू-५३३ ओमानच्या आखातात विमानाच्या माऱ्यानं बुडाली. तिच्यातला एकच माणूस तासन्‌तास पोहत राहून वाचला.

१९४४ च्या फेब्रुवारीतले दोन दिवस एकापाठोपाठ ठेवून पाहावेत. ११ तारखेला विशाखापट्टणजवळ रॉयल इंडियन नेव्हीची ‘जमना’ ही स्लूप (लहान युद्धनौका) आणि ऑस्ट्रेलियाच्या दोन नौका यांनी आरओ-११० ही जपानी पाणबुडी बुडवली. युद्धापूर्वी या नौदलाची भरती मुख्यतः रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांमधून होत असे, युद्धात ते देशभरातल्या तरुणांनी वाढलं. दुसऱ्याच दिवशी मालदीवजवळ आय-२७ या जपानी पाणबुडीनं ‘खेदिव इस्माइल’ हे सैन्यवाहू जहाज बुडवलं. ते दोन मिनिटांच्या आत पाण्याखाली गेलं. १,२९७ माणसं गेली, त्यात कितीतरी परिचारिका. आय-२७ जिवंत माणसांच्या खालीच दडून बसली होती. ब्रिटिश विनाशिकांनी पोहणाऱ्यांच्या मधोमध खोल फुटणारे बॉम्ब टाकून तिला वर यायला भाग पाडलं आणि बुडवलं. हुकूम देणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे स्पष्ट दिसत होतं.

आय-२९ तेव्हा युरोपच्या वाटेवर होती. नवा कप्तान किनाशी ताकाकाझु. सप्टेंबर १९४२ मध्ये अमेरिकेची ‘वॉस्प’ ही विमानवाहू नौका बुडवणारा तोच. रबर, टंगस्टन, कथील, क्विनाइन, अफू असा माल घेऊन ती ११ मार्च १९४४ ला फ्रान्समधल्या लोरियाँला पोचली. १६ एप्रिलला परत निघताना पोटात जर्मन रॉकेट इंजिन, जेट इंजिन आणि विमानांचे आराखडे होते. १४ जुलैला ती सिंगापूरला लागली. तिथे एक तंत्रज्ञ अधिकारी काही आराखडे घेऊन विमानानं पुढे गेला, बाकी सगळं बोटीवरच राहिलं.

अमेरिकनांनी तोवर जपानी संदेश फोडले होते. ती कुठून जाणार हे त्यांना ठाऊक होतं. २६ जुलैला फिलिपिन्सच्या उत्तरेला, लुझोनच्या सामुद्रधुनीत ‘सॉफिश’ या अमेरिकी पाणबुडीचे टॉर्पेडो तिला लागले. किनाशी आणि जवळजवळ सगळे गेले. वाचला तो एक खलाशी. पोहत एका बेटावर पोचून त्यानं बोट गेल्याचं कळवलं.

‘तिलावा’ला ऐंशी वर्षं झाली त्या दिवशी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, गेलेल्यांचे आणि वाचलेल्यांचे नातलग मुंबईत जमले. लहानपणी त्या बोटीवर असलेली काही माणसं तेव्हाही हयात होती.