युनिव्हर्सल रिमोटमध्ये इन्फ्रारेड कोड बसवणे (बेळगाव सीमाभाग)

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेयर, एसी अशी निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच रिमोटवरून चालावीत म्हणून त्या रिमोटमध्ये प्रत्येक उपकरणाचे इन्फ्रारेड संकेत भरणे, किंवा आधीच भरलेल्या संकेतांतून नेमके ते निवडणे, ही क्रिया. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातील दुकानांत तिला ‘कोड मारणे’ किंवा ‘रिमोट सेट करणे’ म्हणतात. घरोघरी चालणारी गोष्ट असल्याने तिचे वरवरचे वर्णन येथे थोडक्यात उरकले आहे. ती फसते कुठे आणि का, हा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रिमोटसोबतच्या कागदावर छापलेला तीन किंवा चार आकडी क्रमांक हा इन्फ्रारेड संकेत नव्हे. रिमोटमधील चिपमध्ये साठवलेल्या तक्त्यातील तो एक अनुक्रमांक असतो. आरतीसंग्रहाच्या एका आवृत्तीतील पान क्रमांक दुसऱ्या आवृत्तीत उघडला तर भलतीच आरती निघते, तसेच येथे होते. एका रिमोटच्या पत्रकातील क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या रिमोटला लागू पडत नाही आणि पडलाच तर तो योगायोग असतो. बाजारात कोडपत्रकाच्या झेरॉक्स स्वतंत्रपणे फिरतात. त्यामुळे होणारा गोंधळ बहुतांशी याच कारणाचा असतो.

उगम. दूरनियंत्रणाचा इतिहास अमेरिकेतील झेनिथ कंपनीपासून सांगण्याची प्रथा आहे. १९५० चा तिचा रिमोट तारेने जोडलेला होता. यूजीन पॉली यांचा १९५५ चा रिमोट दृश्य प्रकाशावर चाले, तर रॉबर्ट ॲडलर यांचा १९५६ चा रिमोट श्रवणातीत ध्वनीवर. इन्फ्रारेडचा प्रसार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मानला जातो. येथवर फारसे मतभेद नाहीत.

पहिला युनिव्हर्सल रिमोट कोणाचा, याबाबत मात्र एकवाक्यता नाही. एका परंपरेनुसार हे श्रेय मॅग्नाव्हॉक्स, सिल्व्हेनिया, फिल्को ही नावे बाळगणाऱ्या नॉर्थ अमेरिकन फिलिप्स कंपनीतील अभियंत्यांकडे जाते व काळ १९८५ चा दिला जातो. दुसरी परंपरा जनरल इलेक्ट्रिकच्या ‘कंट्रोल सेंट्रल’ या जवळपास त्याच काळातील रिमोटला अग्रमान देते. मूळ रिमोटकडून संकेत शिकून घेणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. तिसरी परंपरा लोकप्रिय लेखनात जास्त आढळते. ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी काढलेल्या ‘सीएल ९’ या कंपनीचा ‘कोर’ हा १९८७ चा रिमोट तिच्या मते पहिला. नीट पाहिले तर हे तिन्ही दावे एकमेकांना छेद देत नाहीत. तयार संकेतांचा साठा, संकेत शिकण्याची सोय आणि वापरणाऱ्याने स्वतः आज्ञांची जुळणी करण्याची सोय या तीन वेगळ्या क्षमता आहेत, आणि ‘कोर’चे वेगळेपण तिसऱ्या क्षमतेत होते. ‘प्रोग्रामेबल’ हे विशेषण काटेकोरपणे लावायचे तर १९८७ हे वर्ष अधिक सयुक्तिक ठरते. नुसता ‘युनिव्हर्सल’ म्हणायचा असेल तर दोन वर्षे मागे जावे लागते.

संकेताची रचना. रिमोटच्या पुढच्या टोकाचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकतो. हा प्रकाश सलग नसतो. सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा तो लुकलुकतो (या गतीला वाहक कंप्रता म्हणतात), आणि अशा लुकलुकण्याचे छोटे-मोठे झोत व त्यांमधील विराम मिळून संदेश तयार होतो. ट्यूबलाइट किंवा उन्हातील इन्फ्रारेडपासून संदेश वेगळा ओळखता यावा म्हणून ही योजना आहे. टीव्हीतील तीन पायांचा रिसीव्हर ठरावीक कंप्रतेलाच नीट प्रतिसाद देतो. मेकॅनिकच्या टेबलावर दिसणाऱ्या ‘टीसॉप १७३८’ या रिसीव्हरच्या नावातील ३८ हा आकडा किलोहर्ट्‌झचा आहे.

ही कंप्रता ३८ च का, याचे उत्तर गमतीचे आहे. एएम रेडिओच्या आतील मंडलात वापरली जाणारी मध्यम कंप्रता ४५५ किलोहर्ट्‌झ असल्याने त्या मापाचे सिरॅमिक रेझोनेटर (ठरावीक गतीने कंप पावणारे सुटे भाग) आधीपासून स्वस्तात उपलब्ध होते. ४५५ ला १२ ने भागले की ३७.९ येतात. फिलिप्सच्या पद्धतीत ४३२ भागिले १२ म्हणजे ३६, सोनीच्या पद्धतीत ४८० भागिले १२ म्हणजे ४०. मेकॅनिक या रेझोनेटरला सरसकट ‘क्रिस्टल’ म्हणतात. रिमोट हातातून पडून बंद झाला तर बहुधा हाच तडकलेला असतो. ४३२ च्या जागी हाताशी असलेला ४५५ चा बसवला तर सगळ्या मापांत पाच टक्क्यांहून अधिक फरक पडतो. मग रिमोट जवळून चालतो आणि लांबून रुसतो, अशी तक्रार येते आणि दोष विनाकारण सेलवर जातो.

संकेतपद्धतींपैकी एनईसी ही आशियाई बनावटीच्या उपकरणांत सर्वांत जास्त आढळते. तिच्यात सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा झोत, मग ४.५ मिलिसेकंदांचा विराम, आणि त्यानंतर ३२ बिट (शून्य किंवा एक असे अंक) येतात : उपकरणाचा पत्ता, त्याचे उलटे रूप, आज्ञा, आणि तिचे उलटे रूप. उलट्या रूपांमुळे चूक लगेच पकडली जाते. बटण दाबून धरल्यास पूर्ण संदेश पुन्हा जात नाही. ९ मिलिसेकंदांचा झोत व २.२५ मिलिसेकंदांचा विराम एवढीच ‘पुन्हा तेच’ अशी खूण जाते. सोनीच्या पद्धतीत १२, १५ किंवा २० बिट असतात आणि एकाच दाबाला संदेश किमान तीनदा पाठवला जातो.

फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचा काळ काही ठिकाणी १९८० च्या दशकाचा आरंभ, तर काही ठिकाणी त्याच दशकाची अखेर असा दिलेला आढळतो. पद्धत लवकर ठरली आणि तिच्या सुट्या चिपचा प्रसार नंतर झाला, अशी सांगड घालणे बरे. तिच्यात १४ बिट असतात : दोन आरंभाचे, एक आलटून-पालटून बदलणारा, पाच पत्त्याचे, सहा आज्ञेचे. म्हणजे ३२ उपकरणे व प्रत्येकाला ६४ आज्ञा. आज्ञा अपुऱ्या पडू लागल्यावर दुसऱ्या आरंभ-बिटालाच आज्ञेच्या कामी जुंपण्यात आले. आलटून-पालटून बदलणारा बिट हा कोड बसवणाऱ्याचा खरा शत्रू आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

लिखित कोड. संकेत कागदावर उतरवण्याची सर्वांत रूढ पद्धत फिलिप्सच्याच १९९८ च्या ‘प्रोंटो’ रिमोटवरून आली. चार-चार अंकांचे षोडशमान (नऊनंतर ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून वापरणारे) गट एकापुढे एक लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, एनईसीचा कोड ‘०००० ००६डी ००२२ ०००२ ०१५७ ००एसी…’ असा सुरू होतो. पहिला गट प्रकार सांगतो. दुसऱ्यातील ६डी म्हणजे दशमानात १०९, त्याला ०.२४१२४६ ने गुणले की एका लुकलुकीचा काळ २६.३ मायक्रोसेकंद मिळतो, म्हणजे कंप्रता ३८ किलोहर्ट्‌झ. तिसरा गट २२, म्हणजे ३४ जोड्या : एक सुरुवातीची, ३२ बिटांच्या, एक शेवटची. चौथा गट पुनरावृत्तीच्या जोड्या सांगतो. मग १५७, म्हणजे ३४३ लुकलुकी, हाच तो ९ मिलिसेकंदांचा झोत, आणि एसी, म्हणजे १७२, हा ४.५ चा विराम. (या ‘एसी’चा वातानुकूलनाशी संबंध नाही.) पुढे ‘००१६ ००१६’ आले की शून्य, ‘००१६ ००४१’ आले की एक. असा संपूर्ण कोड ७६ गटांचा भरतो. उतरवून घेताना एक गट जरी गळाला तरी जोड्यांची बेरीज चुकते आणि रिमोट कोड नाकारतो किंवा निमूटपणे काहीच करत नाही. गट मोजून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो सहसा शेवटी सुचतो.

बसवण्याच्या रीती. क्रमांक टाकणे, शोध लावणे आणि शिकवणे अशा तीन रीती आहेत. पहिलीत ‘सेट’ बटण दिवा लागेपर्यंत दाबून क्रमांक टाकतात. दुसरीत रिमोट एकामागून एक पॉवरचे संकेत सोडत जातो आणि टीव्ही बंद होताच बोट उचलायचे असते. बोट उशिरा उचलले की कोड पुढे निघून जातो. पॉवर चालते, आवाज चालतो, पण मेनू मुका, असे झाले तर कोड शेजारचा आहे असे समजावे आणि त्याच कंपनीच्या यादीतील पुढचा लावून पाहावा.

शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर सपाट, तोंडाला तोंड लावून, काही सेंटिमीटर अंतरावर ठेवतात. ऊन आणि सीएफएल टाळावे. एनईसी रिमोटचे बटण आधीपासून दाबून धरलेले असेल तर शिकणाऱ्या रिमोटच्या हाती फक्त ‘पुन्हा तेच’ची खूण लागते, जिच्यात आज्ञा मुळीच नसते. दिवा ‘शिकलो’ म्हणतो आणि टीव्ही हलत नाही. आरसी-५ चा त्रास याहून सूक्ष्म आहे. त्या पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाला एक बिट बदलतो, त्यावरूनच टीव्हीला दाब नवा की बटण धरून ठेवलेले, हे कळते. शिकलेला रिमोट तोच गोठलेला बिट दरवेळी पाठवतो. मग ११ नंबर लावायला १ दोनदा दाबले तरी टीव्ही त्याला एकच लांब दाब समजतो आणि १ वर जाऊन बसतो. आवाज वाढवताना हा दोष कळत नाही, म्हणून दुकानात रिमोट पास होतो आणि घरी नापास. पद्धत ओळखून बिट स्वतः बदलणारे रिमोट यातून सुटतात.

एसीची गोष्ट निराळी. त्याचा रिमोट ‘एक अंश वाढव’ असे सांगत नाही. तापमान, पंखा, मोड अशी सगळी स्थिती प्रत्येक दाबाला एका लांब संदेशात पाठवतो. कमी स्मृतीच्या रिमोटमध्ये तो मावत नाही, आणि मावला तरी एका बटणाला एकच ठरावीक स्थिती शिकवता येते. सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगाव शहरात घरगुती एसी बेताचेच, त्यामुळे ही गरज मुख्यतः दुकाने आणि कार्यालयांपुरती आहे.

सीमाभागातील वापर. साधा केबल थेट टीव्हीला जोडला जाई तोवर एका घरात एक रिमोट पुरे. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर केबल डिजिटल करणे सक्तीचे झाले. बेळगावसारखी शहरे तिसऱ्या टप्प्यात (मुदत ३१ डिसेंबर २०१५) आणि ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात (मुदत वाढून ३१ मार्च २०१७) आला. घरात बॉक्स आला आणि त्याबरोबर दुसरा रिमोट. खेड्यांत डीडी फ्री डिश हा पर्याय आहे. २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली आणि तिच्यावर दूरदर्शनच्या सह्याद्री (मराठी) व चंदना (कन्नड) या दोन्ही वाहिन्या दिसतात. तिचे बॉक्स अनेक उत्पादकांचे असल्याने रिमोटही अनेक तऱ्हेचे.

बॉक्स आल्यावर टीव्हीच्या रिमोटकडे पॉवर, आवाज आणि सोर्स (चित्र कोणत्या जोडणीतून घ्यायचे ते निवडणे) एवढेच काम उरले. यातील सोर्स बटण लोक विसरतात. पावसाळ्यात खानापूरकडे वीज जाऊन आली की काही टीव्ही पुन्हा आपल्या अंगच्या ट्यूनरवर उघडतात आणि निळा पडदा दाखवतात. नव्या रिमोटवर सोर्स बसवलेले नसेल तर बॉक्सचे चित्र परत आणायला मार्गच राहत नाही. कोड पारखताना पॉवरच्या आधी सोर्स दाबून पाहावे, हे उत्तम.

टीव्हीच्या अंगावरचे नाव पाहून कोड शोधणेही येथे बरेचदा फसते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत जळालेल्या सर्किटऐवजी ‘चायना किट’ आणि एलईडी टीव्हीत ‘युनिव्हर्सल बोर्ड’ टाकण्याची रीत देशभर आहे, सीमाभागही त्याला अपवाद नाही. बोर्ड बदलला की रिमोटही त्या बोर्डाचा लागतो. वर कोणत्याही कंपनीची पट्टी असो. म्हणून जाणता दुकानदार टीव्ही कुठला हे विचारण्याआधी ‘अण्णा, बोर्ड बदललाय काय हो कधी?’ असे विचारतो. काही बोर्डांत पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर टाकून रिमोट बदलता येतो, ते काम मेकॅनिकचे.

पारख. रिमोटचा एलईडी चालतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपका दिसतो का यावरून कळते. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड गाळणी असते, तेव्हा पुढचा वापरावा. ठिपका दिसला म्हणजे फक्त प्रकाश निघतो एवढेच सिद्ध होते, कोड बरोबर आहे हे नाही. मेकॅनिककडे टीसॉप, एक एलईडी आणि पाच व्होल्टचा चार्जर यांचा घरगुती टेस्टर असतो. त्यावर दिवा लुकलुकला तर निदान कंप्रता तरी जुळते. ज्या फोनमध्ये इन्फ्रारेड एलईडी असतो ते स्वतःच रिमोट होऊ शकतात. अँड्रॉइडच्या ४.४ आवृत्तीपासून (२०१३) कंप्रता आणि मायक्रोसेकंदांतील झोत-विरामांची यादी दिली की फोन संकेत सोडतो, म्हणजे वर दिलेला प्रोंटो कोड थोड्या गुणाकाराने तेथेही वापरता येतो. टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकच्या, ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला मात्र यातील काहीही लागू नाही. तो कॅमेऱ्यात ठिपका दाखवत नाही, आणि त्याचा कोड शिकवायला बसणे व्यर्थ आहे. त्यातील काही रिमोटांवर टीव्हीच्या पॉवर-आवाजासाठी वेगळा इन्फ्रारेड एलईडी दिलेला असतो, तेवढीच बटणे शिकवता येतात.