राखीव आणि विभक्त मतदारसंघ: फरक मतदार यादीत आहे

सांवेर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, हे इंदुरात कोणाला सांगावे लागत नाही. मात्र डॉ. आंबेडकरांचे जन्मगाव असलेले महू इतके जवळ असूनही, "इंग्रजांचे विभक्त मतदारसंघ आपण अजून चालवतो आहोत" असे परवा एका सुशिक्षित गृहस्थांनी ठासून सांगितले आणि समोरच्या चौघांनी माना डोलावल्या, तेव्हा राहवले नाही.

जागा ठरावीक समाजासाठी राखलेली असते, एवढे साम्य दोन्हींत आहे. पुढचा प्रश्न मत कोण देणार हा, आणि सगळा घोळ तिथेच होतो. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना ज्या विभक्त जागा दिल्या, त्यांवर मतही केवळ मुसलमान मतदारांनीच द्यायचे होते. अशा उमेदवाराला दुसऱ्या समाजाच्या दारात जाण्याचे कारणच उरत नाही. उलट आपल्याच समाजातील प्रतिस्पर्ध्यापेक्षा कडवे बोलणे त्याच्या फायद्याचे ठरते. सांवेरला उमेदवार अनुसूचित जातीचाच लागतो, पण बोटाला शाई लावून घ्यायला उभ्या असलेल्या रांगेत सर्व जातीधर्मांची माणसे असतात, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघाची सर्वसाधारण मतदार यादी एकच असते. ज्याला निवडून यायचे आहे, त्याला सगळ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

नव्या लोकशाहीत हा फरक किती महागात पडू शकतो, ते फिजीत दिसते. तेथील १९९७ च्या राज्यघटनेने ७१ पैकी ४६ जागा वांशिक याद्यांवर, म्हणजे प्रत्येक वंशाच्या मतदारांच्या वेगळ्या याद्यांवर, ठेवल्या होत्या. २०१३ च्या राज्यघटनेने त्या याद्याच रद्द केल्या.

माझा कल संयुक्त यादीकडे आहे, तरी राखीव जागेवरचा उमेदवार इतरांच्या मतांचा मिंधा होतो, हा आंबेडकरांचा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात त्यावर तोड होती: प्रांतिक विधिमंडळांतील १४८ राखीव जागांसाठी आधी केवळ दलित मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्यांतून एकाला सर्वांनी निवडायचे. करार शाळेत सर्वांनाच शिकवला जातो. ही पहिली फेरी मात्र कोणी शिकवत नाही, आणि राज्यघटनेतही ती आली नाही.