रूल द रूस्ट

'रूल द रूस्ट' हा इंग्रजी वाक्प्रचार आहे. घरात, कचेरीत किंवा मित्रमंडळींत ज्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, त्याच्याविषयी तो वापरतात. रूस्ट म्हणजे कोंबड्या रात्री जिच्यावर बसतात ती दांडी. 'त्या घरात आजीचंच चालतं' या बोलण्याच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे. 'दादागिरी' हा प्रतिशब्द मात्र चुकीचा ठरेल. दादागिरीत धाकदपटशा असतो. इथे आवाज चढवावा लागतोच असे नाही.

अनेकदा अशा माणसाकडे अधिकाराचे पद नसते. खुर्चीवर साहेब असतात, पण कचेरी चालते हेडक्लार्कच्या मर्जीने. दोन वर्षांचे मूल किंवा घरातली मांजरही 'रूस्ट'वर राज्य करते, असे इंग्रज कौतुकाने म्हणतात. पदाचा रुबाब दाखवून इतरांना दामटणे यासाठी 'थ्रो वन्स वेट अराउंड', आणि इतरांना कमी लेखून हुकूम सोडणे यासाठी 'लॉर्ड इट ओव्हर' असे वेगळे प्रयोग आहेत.

पंधराव्या शतकापासून आढळणारे मूळ रूप 'रूल द रोस्ट', म्हणजे भाजलेल्या मांसाशी जोडलेले, आहे. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री' नाटकाच्या दुसऱ्या भागात सफोकच्या नव्या ड्यूकबद्दल तेच येते. 'रूस्ट' हे रूप पुढे अठराव्या शतकात रुळले. कोंबड्यांचे चित्र असे मागाहून आले, तरी ते चपखल बसले. थॉरलेफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांमधील उतरंड मांडली: कोणी कोणाला टोचायचे हे ठरलेले असते आणि वरच्या कोंबडीला खालची सहसा उलट टोचत नाही. 'पेकिंग ऑर्डर' ही संज्ञा त्याच अभ्यासातून आली.

घरातल्या बाईविषयी हा वाक्प्रचार वापरताना बहुधा हलका टोमणा असतो. पुरुषाचे चालणे गृहीत धरलेले, म्हणून बाईचे चालले की त्याची वेगळी नोंद होते. बायकोच्या धाकातल्या नवऱ्यासाठीचा 'हेनपेक्ड' हा शब्द याच दृष्टीचा. आजच्या लेखनात असा वापर जपूनच करावा.

भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत, विशेषतः क्रिकेटच्या वार्तांकनात, हा प्रयोग बराच दिसतो. फिरकी गोलंदाजांनी दिवसभर 'रूस्ट'वर राज्य केले, असे वाचायला मिळते. तिथे अर्थ केवळ वर्चस्वाचा उरतो.