औषध किती भरलं, यापेक्षा ते किती वेगानं सुटतं

भाजल्याच्या जखमांत सगळ्यात जास्त ठणकते ती दुसऱ्या श्रेणीची. तिसऱ्या श्रेणीत मज्जातंतूंची टोकंच जळून जातात, दुसऱ्या श्रेणीत ती उघडी पडतात. त्यावरचा गॉज स्रावानं भिजतो, वाळून चिकटतो आणि काढताना नुकती धरलेली कोवळी त्वचाही ओढून आणतो. सुरगाणा-पेठहून एसटीनं नाशिकला ड्रेसिंगसाठी यायचं, तर हे हाल वारंवार. म्हणून तीन दिवस न बदलता जखम बधिर ठेवणारं ड्रेसिंग हवं.

लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा असर तास-दोन तासच टिकतो, म्हणून ते जेलमध्ये कोंडायचं. प्रयोगशाळेत 100 मिली पाण्यात 2 ग्रॅम सोडियम अल्जिनेट (जेल बनवणारी पूड) ढवळत, थोडं थोडं भुरभुरतात. एकदम ओतलं की गुठळ्या. औषध मिसळून पातळ थर पसरायचा आणि तो 2 टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात घट्ट करायचा. पहिली गफलत इथेच होते. लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे बरंचसं त्या द्रावणातच निघून जातं. उरलेलं जखमेवर पहिल्या काही तासांत भसकन सुटतं.

ते किती महागात पडेल? 12 किलोचं मूल, 10 टक्के भाजलेलं, म्हणजे सुमारे 530 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 1 मिलिग्रॅम धरलं तर ड्रेसिंगमध्ये 530 मिलिग्रॅम औषध. टोचून देतानाची कमाल मर्यादा किलोमागे 4.5 मिलिग्रॅम, म्हणजे 54. त्वचेचा अडसर नसल्यानं शोषण झपाट्यानं होतं; दहावा हिस्सा एकदम रक्तात गेला तरी आपण मर्यादेला टेकलो. त्यापुढे झटके, मग हृदयाचे ठोके बिघडणं.

उपाय म्हणून औषध पीएलजीए या विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत भरतात. पण तो विरघळताना आम्लं तयार होतात आणि पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, खाली येतो. मज्जातंतूच्या पडद्यातून लिग्नोकेनचे विद्युतभार नसलेले रेणूच पार होतात. पीएच 7.4 असताना ते साधारण चौथा हिस्सा असतात, 6.9 ला जेमतेम अकरावा. औषध जागेवर आहे, पण आत शिरत नाही!

नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात जेलच्या कडा वाळून उचलल्या जातात, म्हणून वर पॉलियुरेथेनची फिल्म लागते. ती पारदर्शकच हवी: दुखणं दडपलं की जंतुसंसर्गाची एक खूण नाहीशी होते, मग पसरती लाली आणि पू डोळ्यांनीच हेरावे लागतात.

औषध किती वेगानं सुटतं याची चाचणी 32 अंशांवर, जखमेच्या पृष्ठभागाच्या जवळपासच्या तापमानाला करतात. पहिल्या तासात दर 15 मिनिटांनी नमुना घ्यावा. दिवसातून एकदाच घेतला, तर आलेख सुरेख दिसतो आणि नेमका तो पहिला लोंढा त्यात कुठेच उमटत नाही.