जंतू एकच, मग कुष्ठरोगाची रूपं इतकी वेगळी का?

1873 मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरात डॉक्टर हॅन्सन यांनी रुग्णांच्या गाठींमध्ये कांडीच्या आकाराचे जंतू पाहिले. कुष्ठरोग आनुवंशिक असतो, हा समज तिथून ढासळू लागला. कोडं मात्र उरलंच. हॅन्सन यांचे सासरे डॅनियलसेन यांनी पूर्वी रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःला टोचून घेतला होता, आणि त्यांना काहीही झालं नव्हतं.

पहिला धागा जपानच्या मित्सुदा यांच्या हाती लागला. 1919 च्या सुमारास त्यांनी मेलेल्या जंतूंचं द्रावण रुग्णांच्या कातडीत टोचलं. मोजके बधिर चट्टे असलेल्यांना तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ आली. ज्यांच्या अंगात जंतू खच्चून भरले होते, त्यांच्या कातडीवर काहीच उठलं नाही. शरीराला शत्रू ओळखूच येत नव्हता! रिडले आणि जॉपलिंग यांनी 1966 मध्ये रुग्णांचे पाच गट पाडले, तेही या प्रतिकारशक्तीच्या चढउतारावरच.

सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक लख्ख दिसतो. एका टोकाला, म्हणजे मोजके चट्टे असलेल्यांत, टी-पेशींनी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींनी) वेढलेल्या घट्ट गाठी, जंतू जवळपास नाहीत. दुसऱ्या टोकाला फेसाळ दिसणाऱ्या भक्षक पेशी, आणि त्यांच्या पोटात जंतूंचे गठ्ठेच्या गठ्ठे. जंतू गिळले, पण मारले नाहीत. ते का, हे 1991 मध्ये मॉडलिन, ब्लूम आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कातडीतच दाखवलं. पहिल्या टोकाला टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक रेणू सोडून भक्षक पेशींना चेतवतात. दुसऱ्या टोकाला इंटरल्युकिन-4 आणि 10 या वेगळ्या संदेशवाहक रेणूंचा जोर असतो आणि भक्षक पेशी थंड राहतात. तिथे प्रतिपिंडं भरपूर असतात, पण जंतू पेशीच्या आत दडलेला असल्याने त्यांचा उपयोग होत नाही. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या आयसीआरसी लसीचा प्रयत्न हाच होता, की ही झोपलेली प्रतिक्रिया जागी व्हावी.

पण ती जागी होणं नेहमी सुखाचं नसतं, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा जंतू नसांच्या तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींमध्ये घर करतो. टी-पेशी तिथे तुटून पडल्या की नस सुजते, आणि काही दिवसांत पाऊल लुळं पडू शकतं. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष अंगात बराच काळ राहतात. म्हणून गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही अशी प्रतिक्रिया उसळू शकते. रोग उलटला किंवा औषध बाधलं असं वाटून रुग्ण घरी बसून राहतो. त्या वेळी वेळेवर सुरू केलेलं प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टिरॉइड बरेचदा नस वाचवतं.